दुर्गे सिस्टरचं गाठोडं

दुर्गे सिस्टर म्हणजे देवमाणूस होती हो, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. एक तर स्वतःच्या नावाला देव जोडलेला ऐकला असता तर तिनं पायातली चप्पल काढली असती. आणि दुसरं म्हणजे तिच्या चांगुलपणाचं पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून गोड बोलायचं असेल त्यांनी दुसरीकडे बोलावं.

जिवतीच्या डोंगरावर आम्ही एका भिंतीच्या अल्याडपल्याड राहायचो. मी शाळेत मास्तरीण, ती उपकेंद्राची नर्स. दोघी मूळच्या बल्लारपूरच्या, म्हणून गट्टी. सकाळी माझी झोप कोंबड्यानं कधी मोडली नाही, सिस्टरच्या तोंडानं मोडली. लस द्यायला पोर उशिरा आणलेल्या बाईला ती अंगणातच धरायची. "आल्या का महाराणी? पोट्ट्याले मिशा येऊ द्याच्या होत्या न अजून!" बाई पदर तोंडाला लावून हसायची. पोर किंचाळायचं. सिस्टर सुई टोचायची आणि त्याच हातानं त्याच्या गालाचा चिमटा घेऊन म्हणायची, "रड बाबू, भल्ला रड. तुह्या मायले अक्कल येऊ दे."

उंच, काटकुळी बाई. मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ. जेवायची उभ्यानं, चहा प्यायची उभ्यानं. बसा म्हटलं तर म्हणे, "बसलं का पाय दुखून राह्यले हे आठोते." आभार मानलेले तिला खपत नसत. बाळंतपण सुखरूप झालेल्या घरातला म्हातारा हात जोडून उभा राहिला की ही अंगावर जाई. "हात काऊन जोडून राह्यले? सुनेले दूध पाजा. दूध पाजलं तर मी तुमचे हात जोडीन."

घरात देव नव्हता. तिच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातले देव टोपलीत भरून वर्धेच्या धारेत सोडले. हे ती अशा ऐटीत सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, टोपली हिच्याच डोक्यावर होती. कोणाच्या मोटारसायकलला लिंबू-मिरची लटकलेली दिसली की काढून घ्यायची आणि संध्याकाळच्या वरणात पिळायची. मला वाटी द्यायची. "खा मास्तरीन, लोकायची पीडा भल्ली चवदार असते." आणि कोणी बोलता बोलता पोराची आन घेतली, तर मग संपलंच. "पोरानं काय घोडं मारलं व तुहं? त्याले काऊन मधात घेतलं? आपल्या जिभेनं बोल."

एकदा दिवाळीच्या आधी शहरातली काही मंडळी गाडी भरून ब्लँकेटं घेऊन आली. मोठा फलक, हार, फोटोवाला, सगळं जय्यत. गोरगरिबांना रांगेत उभं केलं. रक्तदाब तपासायला म्हणून सिस्टरला बोलावलं होतं. एका म्हाताऱ्याला ब्लँकेट दिलं, फोटो हलला. परत घेतलं, परत दिलं. पुन्हा कोणीतरी मध्ये आलं. म्हातारा बिचारा देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत हात पुढे-मागे करत राहिला. सिस्टरनं यंत्र खाली ठेवलं, म्हाताऱ्याच्या हातातलं ब्लँकेट घेतलं आणि त्या मुख्य पाहुण्यासमोर धरलं. "आता तुमी घ्या साहेब. मी देतो. हात पुढं करा, मान खाली घाला, हासा. ओ फोटोवाले, काढा." साहेबांचा हात काही पुढे आला नाही. मंडळी चहा न घेताच गेली, आणि जाताना उरलेली ब्लँकेटं गाडीत घालून घेऊन गेली. रांगेतल्या मागच्या लोकांनी त्या दिवशी सिस्टरला मनसोक्त शिव्या दिल्या. तिनं त्या निमूटपणे ऐकल्या. "बरोबर आहे त्यायचं," एवढंच म्हणाली.

एवढं वैर का, ते तिनंच एकदा हसत हसत सांगितलं. ती चौथीत असताना बापाची रोजी सुटली होती. शाळेनं पंधरा ऑगस्टला तिला स्टेजवर बोलावलं, माइकवर बापाचं नाव घेतलं, त्याचं काम सुटल्याचं सांगितलं आणि तिच्या हातात नवा गणवेश ठेवला. टाळ्या झाल्या. त्यानंतर वर्षभर पोरी तिला तिच्या नावानं हाक मारायच्या नाहीत, 'वाटपातली' म्हणायच्या. "कपडा चांगला होता व," सिस्टर म्हणाली, "पन मी तो घातला का अंगाले आग लागे."

मोठी झाल्यावर नोकरी लागली आणि तिनं आपला धंदा सुरू केला. दरवर्षी दिवाळीला, ज्या घरात सण काळोखात जाणार हे तिला दवाखान्यात बसल्या बसल्या कळे, त्या घरी दुपारी कोणी नसताना सामान ठेवून यायची. साडी, पोरांचे कपडे, पोहे, गूळ, तेल. नाव नाही, गाव नाही. "तुमची तर दिवाळी नसते," मी म्हटलं. "मले नाई, पन पोट्ट्यायले आहे न," ती म्हणाली. बल्लारपुरात तिची वर्षानुवर्षं चालली ही उलाढाल. सगळं जुन्या पेपरात गुंडाळायची. तिथे एका वॉर्डातल्या पुढाऱ्यानं भर सभेत सांगून टाकलं की हे गुप्तदान आपलंच. सिस्टर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. हे ऐकून मी चिडले तर म्हणाली, "वाजवू दे त्याले बँड. देनारा दिसला का घेनाऱ्याचं तोंड बदलते, मास्तरीन. मले ते तोंड पाहाचं नाई."

मी सांगते आहे ती दिवाळी, ती डोंगरावर बदली होऊन आल्यानंतरची पहिलीच. तिच्या भागात एक गुडा होता, म्हणजे डोंगरातली छोटी वस्ती. नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्या दिवशी दारं लावून घरात बसलेलेही बदनाम होतील. व्हायलाच पाहिजेत म्हणा, पण त्यांची पोरं माझ्या शाळेत शिकली आहेत. त्या गुड्यात सुनीता नावाची बाई होती. नवरा छपरावरून पडून चंद्रपूरच्या दवाखान्यात, ही लोकांच्या शेतात कापूस वेचायला, आणि घरी दोन पोरं. धाकटं अंगावरचं. लस द्यायला गेलेल्या सिस्टरला ते पोर शेंबडं आणि कोमट वाटलं होतं.

शाळेला सुट्टी लागली तशी मी घरी निघून गेले. सिस्टरनं सुनीतासाठी गाठोडं बांधलं. त्यात साडी, दोन फ्रॉक, गूळ, पोहे, साबण, चटणीला नारळ, हळदीचा पुडा आणि त्या पोरासाठी तापाच्या औषधाची बाटली. डोंगरावर पेपर कुठला मिळायला? उपकेंद्रात कुटुंब नियोजनाच्या शिबिरातलं लाल कापड उरलं होतं, त्यात तिनं ते घट्ट बांधलं. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, भर दुपारी, सुनीताच्या दारात ठेवलं.

आता बघा. लाल कापड, आत नारळ आणि हळद, वर अमावास्या, आणि दार बाळ असलेल्या घराचं. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही हे पाहून काय वाटलं असतं? मला वाटलं असतं, मी शिकलेली असून! फक्त सिस्टरला वाटलं नाही. तिच्या डोक्यातून हे सगळं आजोबांच्या टोपलीबरोबर इतकं धुऊन निघालं होतं, की दुसऱ्याच्या डोक्यात ते आहे याचीही तिला आठवण राहिली नव्हती. तिला तो नारळ दिसला तो चटणीचा.

वस्ती रिकामी होती, सगळे वावरात. समोरच्या पडवीत फक्त गिरजाबाई बसली होती. एकटी म्हातारी, विधवा, चार शेरडांवर जगणारी. तिचा एकुलता एक पोरगा तेलंगणात मिरची तोडायला जायचा आणि महिनोन्महिने यायचा नाही. म्हातारीनं सिस्टरला पाहिलं. सिस्टरनं ओठावर बोट ठेवलं. "बाई, कोनाले सांगू नोका हं."

गिरजाबाईनं आपल्या गळ्याला चिमटा घेतला. "नाई सांगत. माह्या पोराची आन."

एरवी सिस्टरनं तिला तिथेच सोलून काढली असती. त्या दिवशी काही बोलली नाही. "घाईत होतो," तिनं मला नंतर सांगितलं, "अन खरं सांगू का, ते आन मले त्या दिवशी कामाची वाटली." मग ती गाडी काढून बल्लारपूरला, आपल्या भावाकडे गेली.

सिस्टर गेल्यावर म्हातारीची एक शेळी त्या गाठोड्याला तोंड लावायला लागली. सुनीताचं नुकसान होईल म्हणून गिरजाबाई उठली, गाठोडं उचललं आणि सुनीताच्या दाराच्या चौकटीला खुंटी होती तिला अडकवून ठेवलं. वावरातून परतणाऱ्या एकीनं तिला तिथून वळताना पाहिलं. बस, एवढंच झालं.

सुनीता आली तर दाराला लाल गाठोडं लोंबतंय. ती किंचाळली. लोक जमले. कोणी हात लावायला तयार नाही. दिवेलागणीला त्या तापलेल्या पोराला झटका आला. ताप डोक्यात गेला की येतो तो, डॉक्टर सांगतील. गुड्यात डॉक्टर नव्हता, आणि औषध होतं ते गाठोड्यात होतं. लोकांनी काठीनं गाठोडं खाली पाडलं, न उघडता वेशीपर्यंत ढकलत नेलं आणि रॉकेल टाकून जाळलं. पोर वाचलं पुढे. पोरं कधी कधी वाचतात.

पाडव्याच्या सकाळी गिरजाबाईला घरातून ओढून काढलं. पुढे होता बाबाराव. किराणा दुकानदार, बारावी शिकलेला, पांढरा शर्ट, बोलायला मिठ्ठास. म्हातारीच्या झोपडीची जागा रस्त्याला लागून होती आणि तिथे त्याला पिठाची चक्की टाकायची होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं. तरी त्या सकाळी ते कोणाला आठवलं नाही. विजेच्या खांबाला तिला बांधलं. बाबारावनं विचारलं, "गाठोडं तू ठेवलं का?"

"मी नाई ठेवलं जी. खुटीले लावलं फक्त. शेळी खात होती."

"मग ठेवलं कोनं?"

म्हातारी गप्प.

एक शब्द बोलायचा होता. सिस्टर. तेवढा बोलली असती तर दोर सुटला असता कदाचित. तिनं ओठ आवळून घेतले. मग चपला झाल्या, काठ्या झाल्या, बायकांनी केस ओढले. दर वेळी बाबाराव थांबून तोच प्रश्न विचारायचा, अगदी शांतपणे, आणि म्हातारी मान हलवायची. पोरांनी खडे मारले. त्यातली दोन मी बाराखडी शिकवलेली.

सोडवलं तिला जंगू कोलामानं. वरच्या पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या पाड्यावरचा म्हातारा, दुकानात मीठ घ्यायला आला होता. त्यानं पाहिलं, मीठ तिथेच टाकलं, आणि फोन लागतो त्या टेकडीवर चढून पोलिसांना बोलावलं. पोलीस आले तेव्हा खांबापाशी कोणी नव्हतं. फक्त ती, मान टाकलेली.

आम्हाला भाऊबीजेला कळलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात मी सिस्टरबरोबर गेले. गिरजाबाईचा हात मोडला होता, एका कानातून रक्त येत होतं, डोळा सुजून बंद. दुसऱ्या डोळ्यानं तिनं सिस्टरला ओळखलं आणि तिचा चेहरा फुलला हो! अक्षरशः फुलला. तिनं बऱ्या हातानं सिस्टरला जवळ बोलावलं आणि कुजबुजली, "बाई, तुमचं नाव नाई घेतलं. लय मारलं, पन नाई घेतलं."

परीक्षेत पहिली आलेली पोरगी घरी येऊन सांगते तशी सांगत होती ती. सिस्टर बाहेर आली, व्हरांड्यात भिंतीला टेकली आणि पहिल्यांदा मी तिला जमिनीवर बसलेली पाहिली. "मास्तरीन," ती म्हणाली, "मले कोनीतरी मार व."

दुसऱ्या दिवशी ती गुड्यात गेली. मी मागे बसून गेले. चौकात उभी राहून ओरडली, "मी ठेवलं ते गाठोडं! या दुर्गेनं ठेवलं! सुनीता, तुह्या पोट्ट्यायसाठी ठेवलं व! दोन फ्रॉक होते, एक पिवळा, एक निळा. तापाचं औषध होतं!" लोक बघत राहिले. बाबाराव दुकानातून हात पुसत बाहेर आला, तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. "सिस्टर," तो म्हणाला, "तुमी दयाळू आहा. म्हातारीले वाचवाले बोलून राह्यल्या, समजते आमाले. पन नाव न सांगता कोन देते जी? या जमान्यात? अन आत काय होतं ते आमी पाह्यलंच नाई. जळून गेलं. तुमी सोनं होतं म्हटलं तरी आमी हो म्हनू." दोन-चार जण हसले. सुनीता दाराआड होती. तिनं दार लावून घेतलं. तिला त्याच गावात राहायचं होतं.

मग केस. मार खाल्ला हे म्हातारी सांगत होती, बाबारावचं नाव घेत होती. पण साक्षीला सारा गाव मुका. जंगूनं तिला बांधलेली पाहिली होती, हात कोणाचा ते नाही. सगळं तिच्या एकटीच्या जबानीवर. सरकारी वकिलानं सिस्टरला समजावलं, की गाठोडं तुम्ही ठेवताना हिनं पाहिलं असं हिनं सांगितलं पाहिजे, नाहीतर ही काहीतरी लपवते आहे असंच दिसेल. सिस्टर म्हणाली, "त्यात काय, सांगन न."

नाही सांगितलं. सिस्टरनं तिला बल्लारपूरला आपल्या भावाकडे आणून ठेवलं होतं, दर सुट्टीला जाऊन न्हाऊ-माखू घालत होती, आणि दर वेळी शिकवत होती. "बाई, मीच म्हनतो सांगा." म्हातारी मान हलवायची. मग एक दिवस मी पाहिलं, ही बाई, वरणात लिंबू पिळणारी, म्हातारीच्या समोर उभी राहून म्हणत होती, "सुटली. आन सुटली. घ्या, मी सोडली." गिरजाबाई हसली. "तुमची कुठी होती? पोराची होती." पोराला तेलंगणातून बोलावून घेतलं. तो म्हणाला, "माय, सांगून टाक, मले काई होत नाई." म्हातारी त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "सांगू अन तू मेला त?" पोराचा चेहरा पांढरा पडला. त्यानंतर त्यानं पुन्हा आग्रह केला नाही, दुसऱ्याच दिवशी गाडी पकडली. सिस्टर त्याच्या मागे रस्त्यापर्यंत शिव्या देत गेली. पण त्याच्यावर चिडण्यात काय अर्थ होता?

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. बाबारावच्या वकिलानं म्हातारीला फार अदबीनं विचारलं. तिच्या बऱ्या कानाच्या बाजूला येऊन.

"आजी, गाठोडं कोणी ठेवलं?"

"मले मालूम नाई जी."

"या दुर्गे सिस्टर म्हणतात, त्यांनी ठेवलं आणि तुम्ही पाहिलं. सिस्टर खोटं बोलतात का?"

"सिस्टर खोटं नाई बोलत."

"म्हणजे त्यांनीच ठेवलं?"

"मले मालूम नाई."

कोर्टात खसखस पिकली. वकिलानं हात पसरून न्यायाधीशांकडे पाहिलं आणि खाली बसला. सिस्टर मध्येच उठून उभी राहिली, "अवं सांग न व माय!" असं ओरडली. तिला बाहेर काढलं. जाताना ती कोणाला शिवी देईल असं मला वाटलं, पण तिला सुचलीच नाही.

निकाल लागायचा तसा लागला. बाबाराव सुटला. म्हातारीची झोपडी तोवर पडलीच होती, तिथे आता चक्की आहे, दळण चांगलं निघतं म्हणतात. सिस्टरनं त्यानंतर कोणाच्या दारात काही ठेवलं नाही. पुढे वर्षं बाकी असतानाच तिनं नोकरीही सोडून दिली. माझी बदली झाली, भेट राहिली नाही.

मी त्या दोघींना एकत्र शेवटचं पाहिलं ते निकालाच्याच दिवशी, बसस्टँडवर. बाकावर म्हातारी बसलेली. सिस्टर समोर उभी, संत्रं सोलून एकेक फोड तिच्या हातावर ठेवत होती. बाबारावची मंडळी पलीकडे गुलाल लावून चहा पीत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. सिस्टर वाकली आणि त्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, अगदी हळू, तिच्या तोंडून मी असा आवाज कधी ऐकला नव्हता, "काऊन नाई सांगितलं बाई? आता तरी सांगा. मलेच सांगा, कोनं ठेवलं होतं?"

गिरजाबाईनं आजूबाजूला पाहिलं. हातातली फोड पदरात ठेवली, सिस्टरचा हात दोन्ही हातांनी धरला आणि तिला धीर देत म्हणाली, "तुमी भिऊ नोका, बाई. मी मरतपावतो कोनाले सांगत नाई."